आर्म्स ॲक्ट शिकवताना या चुका टाळा

गेली काही वर्षं दुसऱ्या-चौथ्या शनिवारी, कोर्टाला सुट्टी असते तेव्हा, मी मराठवाड्यातल्या तालुक्यांच्या बाररूममध्ये शस्त्र कायद्याचे वर्ग घेतो. समोर ज्युनिअर वकील असतात. कधी सरकारी वकील येऊन बसतात, कधी एखादे तपास अंमलदारही येतात. आता आणखी काही मित्र असे वर्ग घ्यायला लागले आहेत, त्यांच्यासाठी हे लिहितो आहे. यातल्या काही चुका मी स्वतः केल्या आहेत. वर्गात आपण चुकलो की ती चूक पुढं कुणाच्या तरी जामिनात किंवा शिक्षेत उतरते, म्हणून हे स्पष्टच लिहितो.

माझी सर्वांत मोठी चूक जुन्या टिपणांची होती. 1959 च्या शस्त्र कायद्यात (आर्म्स ॲक्ट) मोठी दुरुस्ती झाली आणि 14 डिसेंबर 2019 पासून ती लागू झाली. विनापरवाना बंदुकीची शिक्षा आधी किमान एक आणि कमाल तीन वर्षं होती, ती किमान दोन आणि कमाल पाच वर्षं झाली. परवानाधारकाला तीनऐवजी दोनच बंदुका ठेवता येतात आणि परवान्याची मुदत तीनवरून पाच वर्षांवर गेली. दुरुस्तीनंतरच्या एका वर्गात मी जुनंच पान वाटलं. काही महिन्यांनी एका ज्युनिअरनं शिक्षेच्या युक्तिवादात तेच आकडे सांगितले आणि न्यायाधीशांनी त्याला भर कोर्टात थांबवलं. चूक माझी होती, मान त्याची खाली गेली. तेव्हापासून मी प्रत्येक वर्गाआधी बेअर ॲक्टची, म्हणजे कायद्याच्या मूळ मजकुराच्या पुस्तकाची, आवृत्ती तपासतो आणि फळ्यावर पहिली ओळ लिहितो: गुन्ह्याची तारीख कोणती? घटना नोव्हेंबर 2019 ची असेल तर खटला आज चालला तरी जुनीच शिक्षा लागते, कारण संविधानाचं कलम 20 नंतर वाढवलेली शिक्षा मागच्या गुन्ह्याला लावू देत नाही. नियमांचंही तसंच. 1962 चे नियम जाऊन 2016 चे आले, तरी जुन्या नियमांचे क्रमांक अजून अर्जांमध्ये दिसतात.

दुसरी चूक म्हणजे सगळा वेळ पिस्तुलावर घालवणं. आपल्या भागातल्या कोर्टात रोज येतं काय? तलवार, खंजीर आणि कोयता. बीड-धाराशिवकडची हजारो कुटुंबं दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला बाहेर पडतात आणि कोयता त्यांच्या पोटापाण्याचं साधन आहे. केवळ शेतीसाठी किंवा घरकामासाठी बनवलेली वस्तू ‘शस्त्र’ या व्याख्येतूनच कलम 2 नं वगळली आहे. धारदार हत्यारांच्या वर्गवारीत पातं नऊ इंचांपेक्षा लांब किंवा दोन इंचांपेक्षा रुंद असावं लागतं, आणि तिथंही शेतीची अवजारं बाहेर ठेवली आहेत. शिवाय अशा हत्यारावर कलम 4, म्हणजे बंदुकीखेरीजच्या शस्त्रांना परवाना मागणारं कलम, लागू व्हायचं तर त्या भागासाठी केंद्र सरकारची अधिसूचना लागते. म्हणून मी वर्गात नावं-गावं खोडलेला जप्ती पंचनामा वाटतो आणि तीन गोष्टी शोधायला सांगतो. पातं मोजलंय का, मूठ सोडून मोजलंय का, अधिसूचनेची प्रत दोषारोपपत्राला जोडलीय का. ‘एक लोखंडी धारदार कोयता, जु.वा.किं.अं.’ (जुना वापरता, किंमत अंदाजे) एवढ्यावर पंचनामा संपला असेल तर बचावाच्या वकिलानं तिथूनच उलटतपासाला सुरुवात करावी. समोर तपास अंमलदार बसले असतील तर त्यांना मी एवढंच सांगतो की टेप सोबत ठेवा, आणि हत्याराच्या शेजारी टेप धरून फोटो काढा. 1 जुलै 2024 नंतरच्या जप्तीत भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 105 प्रमाणं चित्रीकरण करावंच लागतं, तेव्हा मोजमाप त्यातच येऊ द्या.

इथं आणखी एक गफलत होते. कोयत्याच्या फिर्यादीत आर्म्स ॲक्टचं ‘4/25’ (कलम 4 चा भंग आणि त्याची कलम 25 ची शिक्षा) आणि महाराष्ट्र पोलीस कायद्याचं 135 ही जोडी ठरलेली असते, आणि शिकवणारेही दोन्ही एकाच दमात सांगून मोकळे होतात. दोन्हींचा पाया वेगळा आहे. 135 उभं राहतं ते त्याच पोलीस कायद्याच्या कलम 37 खालच्या मनाई आदेशावर. त्या आदेशात काठी-लाठीसुद्धा येऊ शकते, त्यामुळं आर्म्स ॲक्टमधून सुटलेला माणूस 135 मध्ये अडकू शकतो. मात्र त्या तारखेला, त्या हद्दीत आदेश चालू होता आणि तो जाहीर झाला होता, हे सरकार पक्षानं दाखवायला हवं. आदेशाची प्रत मागायला ज्युनिअरांना शिकवा.

नांदेडला वर्ग असेल तर कृपाणाचा प्रश्न येतोच, हजूर साहिबचं गाव आहे ते. संविधानाच्या कलम 25 च्या स्पष्टीकरणात कृपाण धारण करणं शीख धर्माच्या आचरणाचा भाग मानलं आहे, हे आधी सांगावं आणि मग शस्त्र कायद्याकडं यावं. हा क्रम चुकला की चर्चा विनाकारण तापते. मी ते पाहिलं आहे.

मंजुरीबद्दल दोन्ही बाजूंनी चुकीचं शिकवलं जातं. कलम 39 ची जिल्हा दंडाधिकाऱ्यांची पूर्वमंजुरी कलम 3 च्या गुन्ह्याला लागते, म्हणजे बंदूक, कट्टा, काडतूस. तलवारीच्या खटल्यात ‘मंजुरी नाही’ म्हणून तासभर भांडणारे वकील मी ऐकले आहेत. आणि गावठी कट्ट्याच्या खटल्यात मंजुरीचा कागद न वाचताच पुढं जाणारेही पाहिले आहेत. छत्रपती संभाजीनगर शहरासारख्या पोलीस आयुक्तालयाच्या हद्दीत ‘जिल्हा दंडाधिकारी’ या शब्दात आयुक्त येतात, शहराबाहेर जिल्हाधिकारी. सही कुणाची आहे, मंजुरी दोषारोपपत्राआधीची आहे का, आणि शस्त्र चालू स्थितीत असल्याचा अहवाल त्या अधिकाऱ्यासमोर होता का, हे तिन्ही पाहायला लावा.

‘ताबा’ हा शब्द व्याख्येनं शिकवू नका, उदाहरणानं शिकवा. मी नेहमी क्रूझरचं उदाहरण घेतो. लग्नाहून परतणारे आठ जण, नाकाबंदीत मधल्या सीटखाली कट्टा आणि दोन जिवंत काडतुसं सापडतात. ताबा कुणाचा? आठही जणांचा, असं अर्धा वर्ग म्हणतो. मग 1972 चा सर्वोच्च न्यायालयाचा गुनवंतलाल निकाल काढायचा. वस्तू आपल्याकडं आहे याची जाणीव हवी, आणि ती प्रत्यक्ष हातात नसेल तर तिच्यावर नियंत्रण तरी हवं. 1994 च्या संजय दत्त प्रकरणातही ताबा जाणीवपूर्वक असावा लागतो, हेच सांगितलं आहे. आता तोच प्रश्न पुन्हा विचारा, पण चालक गाडीचा मालक आहे ही माहिती घालून. वर्ग भांडायला लागतो आणि त्या भांडणातून जे डोक्यात बसतं ते व्याख्या पाठ करून बसत नाही.

खरं शस्त्र वर्गात आणू नका, आणू देऊ नका. ‘सर, माझ्याकडं परवाना आहे, दाखवू का?’ असं उत्साहानं विचारणारा कुणीतरी असतोच. ज्याला ते बाळगायचा अधिकार नाही त्याच्या हाती शस्त्र देणं हा कलम 29 चा प्रश्न होऊ शकतो, आणि गर्दीच्या खोलीतला धोका वेगळाच. बाराबोअर, भरमार (नळीच्या तोंडातून दारू भरायची बंदूक) आणि कट्टा यांतला फरक छायाचित्रांवरून नीट कळतो.

परवानाधारकांसाठी वर्ग घ्याल तेव्हा भाषा बदला. मस्साजोगच्या सरपंचांची डिसेंबर 2024 मध्ये हत्या झाल्यानंतर बीड जिल्ह्यात परवान्यांची फेरतपासणी झाली, तेव्हापासून हे लोक धास्तावलेले आहेत. त्यांना कलमांपेक्षा सवयी सांगाव्या लागतात. वरातीत हवेत बार काढला आणि कुणाचा जीव धोक्यात आला, तर कलम 25(9) खाली दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. कुणाला काही लागलं नाही, हा बचाव तिथं पुरत नाही. नूतनीकरणाचा अर्ज मुदत संपायच्या किमान दोन महिने आधी द्या आणि पोचपावती जपून ठेवा. निवडणुकीत शस्त्र जमा करण्याची नोटीस आली तर घाबरू नका, पण विचारा. मुंबई उच्च न्यायालयाच्या 2009 च्या निकालानंतर शस्त्र जमा करायला लावायचं का हे ठरवणाऱ्या छाननी समितीनं प्रत्येक परवानाधारकाचा स्वतंत्र विचार करायचा असतो.

शेवटचा अर्धा तास प्रश्नांना ठेवा. तिथं हमखास एक जण उठतो. वडील वारले, परवाना त्यांच्या नावावर होता, बंदूक माडीवरच्या कपाटात तशीच आहे. परवानाधारक गेला की घरच्यांकडं ती कायदेशीरपणे राहत नाही. कलम 21 प्रमाणं विनाविलंब जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडं जमा करायची, पावती घ्यायची आणि मग वारस म्हणून स्वतःच्या परवान्यासाठी अर्ज करायचा. निजामाच्या काळची, गंजून गेलेली, दुरुस्त करूनही चालणार नाही अशी असेल तर कलम 45 ची सवलत मिळू शकते, पण ती चालणार नाही हे आपण घरबसल्या ठरवायचं नाही. हे सांगितल्यावर तो माणूस दबक्या आवाजात विचारतो, ‘वर्ष झालं सर, आता नेली तर आत टाकतील का?’ वर्ग संपला तरी त्याला थांबवून घ्या. मृत्यूचा दाखला, मूळ परवाना आणि उशिराचं कारण सांगणारा अर्ज त्याच्यासोबत बसून तयार करा, आणि ठाण्यात जाताना त्याच्याबरोबर एखादा वकील द्या.