व्हर्च्युअल मशीन वापरताना या चुका टाळा

व्हर्च्युअल मशीन (संगणकाच्या आत प्रोग्रामने चालवलेला दुसरा संगणक) अडली की बहुतेक जण आधी तिच्या आत शिरतात. ड्रायव्हर उडवतात, विंडोज पुन्हा टाकतात आणि अख्खा दिवस घालवतात. दुखणं बऱ्याचदा बाहेर, म्हणजे होस्टवर (ती चालवणाऱ्या खऱ्या संगणकावर) असतं. डिस्क भरलेली असते, रॅम संपलेली असते, नाहीतर बायोसमधला (संगणकाच्या मूळ सेटिंग्जमधला) एक पर्याय बंद असतो. आधी होस्ट बघा, गेस्टला, म्हणजे आतल्या मशीनला, हात नंतर लावा.

स्नॅपशॉटलाच बॅकअप समजणं

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. स्नॅपशॉट म्हणजे मशीनची त्या क्षणाची स्थिती, जिथे नंतर परत जाता येतं. तो घेतला म्हणजे डिस्कची दुसरी प्रत तयार होत नाही. मूळ फाइल आहे तिथेच गोठते आणि पुढचे बदल वेगळ्या फाइलमध्ये लिहिले जातात. मूळ फाइल बिघडली की स्नॅपशॉटचाही उपयोग संपला. शिवाय ही बदलांची फाइल फुगत जाऊन मूळ डिस्कएवढी होऊ शकते. अपडेटच्या आधी 'असू दे' म्हणून घेतलेला स्नॅपशॉट विसरला जातो, होस्टची डिस्क भरते आणि मशीन भर कामात थांबते. अशा मशीन चालवणारे प्रोग्राम बनवणाऱ्या व्हीएमवेअरची स्वतःची शिफारस अशी आहे की एक स्नॅपशॉट ७२ तासांपेक्षा जास्त ठेवू नये. एकावर एक घेतलेल्या स्नॅपशॉटच्या साखळीत ३२ पर्यंत चालतात, पण दोन-तीनच्या पुढे जाऊ नये.

डिस्क भरल्यावर घाईघाईत होते ती चूक याहून वाईट. फोल्डर उघडून जुन्या वाटणाऱ्या व्हीएमडीके (व्हर्च्युअल डिस्कच्या) फाइली सरळ उडवल्या जातात. साखळीतली एक कडी गेली की तिच्यावर अवलंबून असलेलं पुढचं काहीच उघडत नाही. स्नॅपशॉट काढायचा तो प्रोग्रामच्या स्नॅपशॉट मॅनेजरमधूनच. तिथलं 'डिलीट' बघून अनेकांना धडकी भरते, पण त्याने आजचं काम जात नाही. बदल मूळ फाइलमध्ये मिसळले जातात, फक्त मागे जायची वाट बंद होते. काम पुसतं ते 'रिस्टोअर' किंवा 'रिव्हर्ट'. मिसळायला वेळ लागतो. पट्टी बराच वेळ हलली नाही म्हणून प्रोग्राम मारून टाकू नका.

खरा बॅकअप हवा असेल तर मशीन नीट शटडाऊन करा आणि तिचा पूर्ण फोल्डर दुसऱ्या डिस्कवर कॉपी करा. मात्र चालू मशीनचा फोल्डर क्लाउड सिंकमध्ये ठेवू नका. सतत बदलणारी कित्येक जीबींची फाइल सिंक करणं म्हणजे अर्धवट प्रतीला आमंत्रण.

क्लोन केला, ओळख बदलली नाही

लिनक्सची एक मशीन तयार करायची आणि तिचे चार क्लोन (हुबेहूब प्रती) काढायचे, हे रोजचंच. मग दोन क्लोनना एकच आयपी (नेटवर्कवरचा पत्ता) मिळतो, नेटवर्क येतं-जातं. मॅक ॲड्रेस (नेटवर्क कार्डचा क्रमांक) बदलला तरी फरक पडत नाही, आणि इथे माणसं हैराण होतात. उबंटू सर्व्हरसारख्या सिस्टीम डीएचसीपीकडे (आयपी वाटणाऱ्या सेवेकडे) आयपी मागताना मॅकऐवजी मशीन-आयडीवरून (सिस्टीमच्या स्वतःच्या ओळख क्रमांकावरून) बनवलेली ओळख पाठवतात, आणि तो आयडी क्लोनसोबत जसाच्या तसा आलेला असतो. इटीसी फोल्डरमधली मशीन-आयडी नावाची फाइल रिकामी करा (डिलीट नको) आणि रीस्टार्ट करा, नवा आयडी आपोआप बनतो. एसएसएचच्या (दुरून लॉगिनच्या) होस्ट की, म्हणजे मशीनची ओळख पटवणाऱ्या किल्ल्यासुद्धा नव्याने तयार करून घ्या. विंडोजसाठी क्लोन काढण्याआधी सिसप्रेप (जुनी ओळख काढणारं विंडोजचं साधन) चालवा.

व्हर्च्युअलबॉक्स या प्रोग्राममध्ये साधं नॅट (होस्टच्या आडून इंटरनेट देणारं) नेटवर्क असताना दोन्ही मशीन १०.०.२.१५ दाखवत असतील तर मात्र ती टक्कर नव्हे. तिथे प्रत्येक मशीनचं नॅट वेगळं असतं. त्याच कारणाने त्या एकमेकींना दिसत नाहीत आणि होस्टवरून पिंगही होत नाही. हे हवं असेल तर होस्ट-ओन्लीचं (फक्त होस्ट आणि मशीनमधलं) दुसरं नेटवर्क कार्ड जोडा.

जास्त दिलं म्हणजे जास्त पळेल?

नाही. ८ जीबी रॅमच्या संगणकावर गेस्टला ६ जीबी दिले की होस्ट रॅमऐवजी डिस्क वापरू लागतो (स्वॅप) आणि दोघंही रांगतात. निम्म्यावर थांबा. प्रोसेसरच्या कोअरचंही तेच: चार कोअर असतील तर गेस्टला दोन पुरे.

एवढं करूनही मशीन संथ असेल तर व्हर्च्युअलबॉक्सच्या खालच्या पट्टीत हिरवं कासव दिसतंय का ते पाहा. दिसत असेल तर हायपर-व्हीने, म्हणजे विंडोजच्या स्वतःच्या व्हर्च्युअल मशीन यंत्रणेने, प्रोसेसरची व्हर्च्युअलायझेशन सुविधा आपल्याकडे घेतली आहे. डब्ल्यूएसएल २ (विंडोजमधलं लिनक्स) किंवा मेमरी इंटिग्रिटी चालू असली तरी हेच होतं. मेमरी इंटिग्रिटी हे सुरक्षा कवच आहे, तेव्हा ते बंद करायचं की संथपणा सोसायचा हे विचार करून ठरवा. ६४-बिट पर्यायच दिसत नसतील तर टास्क मॅनेजरच्या परफॉर्मन्स टॅबमध्ये सीपीयूखाली 'व्हर्च्युअलायझेशन' बघा. 'डिसेबल्ड' असेल तर बायोसमध्ये इंटेलचं व्हीटी-एक्स किंवा एएमडीचं एसव्हीएम चालू करा.

असे बदल केल्यावर शटडाऊन नको, रीस्टार्ट करा. फास्ट स्टार्टअप चालू असताना शटडाऊनमध्ये विंडोजचा कर्नल (गाभा) खरा बंद होत नाही, तो डिस्कवर साठवून पुन्हा उचलला जातो. 'बंद करून चालू केला तरी तेच' या तक्रारीमागे पुष्कळदा एवढंच असतं.

छोट्या पण छळणाऱ्या गोष्टी

डिस्क ५० ची १०० जीबी केली तरी गेस्टमध्ये जुनाच आकडा दिसतो, कारण पार्टिशन आतून वेगळं वाढवावं लागतं. विंडोजमध्ये 'एक्सटेंड' पुसट दिसत असेल तर मध्ये रिकव्हरी पार्टिशन आडवं आलेलं असण्याची शक्यता मोठी.

सेव्ह करून ठेवलेली मशीन बऱ्याच दिवसांनी उघडली आणि प्रत्येक वेबसाइट सर्टिफिकेट चुकीचं म्हणू लागली, तर ब्राउझरच्या मागे लागण्याआधी घड्याळ बघा. ते अजून मागेच असतं. गेस्ट ॲडिशन्स किंवा व्हीएमवेअर टूल्स (गेस्टमध्ये टाकायची जोड-साधनं) टाकलेली असतील तर वेळ होस्टशी जुळवून घेता येते.