अनव्हेंटेड सिलिंडरचा विसर्ग-पाइप: टाकताना आणि तपासताना

इंग्लंडमध्ये घर घेतले की कपाटातला उंच गरम पाण्याचा सिलिंडर आपण कौतुकाने पाहतो, पण त्याच्या कडेने खाली उतरणाऱ्या तांब्याच्या पाइपाकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. खरे तर घरच्यांचा जीव ज्यावर अवलंबून असतो, तो हाच पाइप.

अनव्हेंटेड सिलिंडर मुख्य जलवाहिनीच्या दाबाखाली भरलेला असतो आणि त्याला हवेशी मोकळे असे तोंड नसते. थर्मोस्टॅट आणि पाणी फार तापल्यास उष्णता तोडणारा, हाताने रिसेट करावा लागणारा कट-आउट, हे दोन्ही निकामी झाले तर आतले पाणी न उकळताच १०० अंशांच्या पुढे तापू शकते, आणि अशी टाकी फुटली तर ते पाणी क्षणार्धात वाफ होऊन स्फोट घडवते. हे टाळण्यासाठी तापमान-दाब व्हॉल्व्ह साधारण ९० ते ९५ अंशांना उघडतो आणि जवळजवळ उकळते पाणी याच विसर्ग-पाइपातून बाहेर सोडतो. म्हणूनच इंग्लंडच्या बांधकाम नियमांतील जी-३ या तरतुदीनुसार १५ लिटरांहून मोठा असा सिलिंडर पात्रताधारक कारागिरानेच बसवावा लागतो. हे काम स्वतः करू नये. ते बरोबर झाले आहे का, हे मात्र स्वतः पाहता येते.

सुरुवात टंडिशपासून करावी. टंडिश म्हणजे दोन्ही बाजूंनी उघडे असलेले छोटे नरसाळे. वरच्या पाइपाचे टोक आणि खालचे नरसाळे यांच्यामध्ये हवेची फट असते आणि त्या फटीतून पडणारे पाणी डोळ्यांना दिसते. ते सिलिंडरच्याच जागेत, व्हॉल्व्हपासून ६०० मिलिमीटरच्या आत आणि उभे असावे. एका घरात नूतनीकरणानंतर ते जिप्सम बोर्डाच्या मागे गाडले गेलेले मी पाहिले आहे. असे झाले की व्हॉल्व्ह गळतो आहे हे कळायला मार्गच उरत नाही.

टंडिशखाली पाइप किमान ३०० मिलिमीटर सरळ खाली उतरला पाहिजे. त्याआधी एल्बो (वळणाचा जोड) बसवला तर पाणी उलटून टंडिशमधून बाहेर उसळते. पुढे सलग उतार हवा, दर मीटरला निदान ५ मिलिमीटर. मध्ये कुठेही कॉक असता कामा नये. पाइप तांब्याचा, किंवा इतके तापमान सोसू शकेल अशा सिद्ध साहित्याचा असावा. साधा प्लॅस्टिकचा पाइप चालत नाही.

पाइपाचा व्यास अंदाजाने ठरवू नये, आणि सर्वाधिक चुका इथेच होतात. व्हॉल्व्हचे तोंड अर्ध्या इंचाचे असेल तर टंडिशपर्यंत १५ मिलिमीटरचा पाइप येतो आणि त्यापुढे किमान २२ चा लागतो. २२ च्या पाइपाला ९ मीटरची मर्यादा आहे, आणि प्रत्येक एल्बोमागे त्यातून ०.८ मीटर वजा होतात. समजा, वाट ६ मीटरची आहे आणि एल्बो पाच आहेत: ९ मधून ४ गेले, उरले ५, म्हणजे हा पाइप अपुरा पडतो. २८ च्या पाइपाची मर्यादा १८ मीटर आणि प्रत्येक एल्बोला १ मीटर वजा, म्हणजे १३ मीटर उरतात आणि काम निर्धास्त होते.

शेवटचे टोक कुठे उघडते, हे बाहेर जाऊन पाहावे. सर्वांत चांगली जागा म्हणजे गली ट्रॅप, म्हणजे तळाशी पाणी साचून राहणारे, जाळी असलेले गटाराचे तोंड. पाइपाचे टोक तिथे जाळीखाली, पण साचलेल्या पाण्याच्या वर राहिले पाहिजे. जमिनीलगत सोडायचे असेल तर टोक खाली वळलेले, जमिनीपासून १०० मिलिमीटरपर्यंतच्या उंचीवर असावे आणि त्याला तारेचा पिंजरा असावा, कारण अंगणात खेळणाऱ्या मुलाच्या पायावर हे पाणी पडले तर गंभीर भाजते.

भारतातल्या गीझरच्या व्हॉल्व्हमधून तापताना ठिबकणारे पाणी आपण नेहमीचे समजतो. तीच सवय इथे धोक्याची ठरते. टंडिशमध्ये थेंब दिसू लागले तर बहुधा प्रसरण टाकीतली (तापून फुगणाऱ्या पाण्याला जागा देणाऱ्या टाकीतली) हवा कमी झालेली असते, कारागिराला बोलवावे. गरम पाण्याची धारच लागली, तर बॉयलर आणि इमर्शन हीटर (सिलिंडरमधला विजेचा हीटर) ताबडतोब बंद करावेत, पण थंड पाण्याचा पुरवठा बंद करू नये, आणि टोकाला बूच मारून गळती थांबवण्याचा प्रयत्न कोणालाही करू देऊ नये.