मुंबई ते न्यूयॉर्क : हवाई अंतर आणि प्रवासाचा वेळ मोजताना या चुका टाळा

मुंबई आणि न्यूयॉर्कचा जॉन एफ. केनेडी विमानतळ यांमधले हवाई अंतर सुमारे १२,५४० किलोमीटर आहे. विमानाचा वेग ताशी ९०० किलोमीटर धरून भागाकार केला की चौदा तास येतात, आणि तेवढ्यावर घरच्यांना पोहोचण्याची वेळ कळवली जाते. थेट विमानाने जातानाही प्रत्यक्षात साधारण पंधरा ते सोळा तास लागतात. जेट प्रवाहाचे, म्हणजे खूप उंचावरचे वेगवान वारे पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहत असल्याने जाताना ते समोरून येतात व परतताना मागून रेटा देतात. म्हणून एकाच मार्गाचा परतीचा वेळ बहुधा कमी असतो. शिवाय तिकिटावरचा कालावधी विमान जागेवरून हलल्यापासून पुन्हा जागेवर लागेपर्यंतचा असतो, केवळ उड्डाणाचा नव्हे.

भिंतीवरच्या नकाशावर पट्टी ठेवून मार्ग आखणे ही दुसरी चूक. त्या रेषेत सौदी अरेबिया आणि सहारा येतात. पृथ्वीगोलावर दोरा ताणून पाहा : तो पाकिस्तान, अफगाणिस्तान, तुर्कमेनिस्तान, रशिया, नॉर्वे आणि आइसलँडवरून जातो, आणि वरचा आकडा या वाटेचा आहे. विमान मात्र नेहमी दोऱ्यावरून जात नाही. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने भारतीय विमान कंपन्यांना हवाई हद्द बंद केली, तेव्हा त्यांना वळसा घालावा लागला. अंतराचे गणित तेच राहिले, वेळ वाढला.

एका ठिकाणी ७,७९० आणि दुसऱ्या ठिकाणी ६,७७० मैल दिसले, तर घोटाळा नाही. पहिले साधे मैल, दुसरे सागरी. एक सागरी मैल म्हणजे १.८५२ किलोमीटर.

खरी गफलत घड्याळात होते. रात्री १.३० ला निघून त्याच दिवशी सकाळी ७.३० ला पोहोचण्याची वेळ पाहून 'सहाच तास?' असे विचारणारे अजूनही भेटतात. पोहोचण्याची वेळ आधी भारतीय वेळेत आणावी, मगच वजाबाकी करावी. हिवाळ्यात न्यूयॉर्क आपल्यापेक्षा साडेदहा तास मागे असते, म्हणजे तेथील ७.३० ला आपल्याकडे संध्याकाळचे सहा वाजलेले असतात आणि प्रवास साडेसोळा तासांचा ठरतो. मार्चच्या दुसऱ्या रविवारपासून नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारपर्यंत हाच फरक साडेनऊ तासांचा होतो. जुन्या प्रवासाची आठवण धरून हिशेब करणारे नेमके येथे एका तासाने चुकतात.

तारखेची चूक सर्वांत महाग पडते. आमच्या एका नातेवाइकांचे विमान १५ तारखेला रात्री १२.४५ चे होते. पंधराच्या संध्याकाळी ते बॅगांना कुलपे लावत होते, तेव्हा विमान न्यूयॉर्कला पोहोचतही आले होते. अशा तिकिटासाठी १४ तारखेच्या रात्री नऊच्या सुमारासच विमानतळ गाठावा लागतो.