वॉर्डातला 'शहाणा' पेशंट आणि बाहेरचं पुणे

एमएसडब्ल्यू (समाजकार्याची पदव्युत्तर पदवी) करून येरवड्याच्या मनोरुग्णालयात किंवा एखाद्या हाफवे होममध्ये, म्हणजे रुग्णालय आणि घर यांच्यामधल्या निवाऱ्यात, रुजू होणार असाल, तर कायदा तुम्हाला पाठ असेलच. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम २०१७, कलम १९: कुटुंब नाही, घरचे स्वीकारत नाहीत किंवा बाहेर सोय नाही, एवढ्यावरून कुणाला रुग्णालयात ठेवता येत नाही. वॉर्डात गेलात की नेमकी हीच कारणं ऐकायला मिळतील.

पण मला जड गेलं ते वेगळंच. राउंडला सगळे ज्याच्याकडे बोट दाखवतात तो शहाणा पेशंट: रांगेत उभा राहतो, गोळी मुकाट गिळतो, तक्रार नाही. याला आधी पाठवा म्हणतात. थांबा! वर्षानुवर्षं उठणं, आंघोळ, चहा सगळं घंटेवर चाललं की माणूस ठरवणंच सोडून देतो. वॉर्डात ते कळत नाही, कारण वॉर्डाला तसाच माणूस सोयीचा असतो.

अशाच एका काकांना अमृततुल्यमध्ये नेलं. हातात शंभराची जांभळी नोट दिली, २०१८ नंतरची. "खोटी आहे," म्हणून त्यांनी परत केली. त्यांच्या डोळ्यांसमोरची शंभराची नोट निळसर होती. मग चहावाल्यानं विचारलं, "साधा की स्पेशल?" काका माझ्याकडे बघत राहिले. अशा वेळी उत्तर देऊ नका. मागचे पुणेकर कुरकुरतील, कुरकुरू द्या. उलट पोह्यात मीठ नाही म्हणून रोज भांडणारे बाहेर लवकर रुळलेले मी पाहिलेत.

म्हणून निवड करायची सवय वॉर्डातच लावा. कुठला शर्ट, किती साखर. गोळी तळहातावर आयती देण्याऐवजी पट्टीतून त्यांनाच काढू द्या. यात महिने जातात. घाबरू नका, हात वळतो. नेमकं कोण काय करू शकतं हे मोठ्या डॉक्टरांपेक्षा वॉर्डातल्या मावशींना जास्त ठाऊक असतं, असं माझं ठाम मत आहे.

आधार, दिव्यांगत्व प्रमाणपत्र, संजय गांधी निराधारचा अर्ज, ही कामं किचकट असली तरी होतात. भावाला गळ घालून पेशंट गाडीत बसवायचा आणि फाइल बंद करायची, हा शॉर्टकट मात्र नको. असे पेशंट परत येतात, आणि दुसऱ्या वेळी भाऊ फोन उचलत नाही. कलम ९८ प्रमाणे डिस्चार्जचं नियोजन करताना पुढे उपचार कोण करणार ते नावानिशी लिहून घ्या. क्लोझापिन (स्किझोफ्रेनियावरचं औषध, ते घेताना रक्त तपासत राहावं लागतं) चालू असेल तर रक्ततपासणी कुठे आणि कुठल्या तारखेला, हेही त्याच कागदावर हवं.