जुना ज्यूकबॉक्स दुरुस्त करताय? या चुका टाळा

"पार्ट मिळत नाहीत हो," ही ज्यूकबॉक्सच्या (नाणं टाकलं की निवडलेली तबकडी वाजवणाऱ्या यंत्राच्या) मालकांची तक्रार सतत कानावर येते आणि दर वेळी मला उलट विचारावंसं वाटतं: यंत्र घरी आलं तेव्हा तो पार्ट त्यात होता की नव्हता? बहुतेकदा होता. मग मालकाने घाईघाईत तो जाळला, वाकवला, त्याचे आटे घालवले, नाहीतर 'हे काही आपल्याला लागणार नाही' म्हणून भंगारवाल्याला देऊन टाकला. पन्नास-साठ वर्षं इराण्याच्या हॉटेलात धूर आणि चहाची वाफ खाऊन टिकलेली यंत्रं नव्या मालकाच्या पहिल्याच आठवड्यात मरतात. त्या आठवड्यात काय करायचं नाही, ते लिहितो.

आणल्या आणल्या प्लग लावणं

टेम्पोतून उतरवलं की 'लावून तर बघू' ही ऊर्मी येतेच. आवरा. आतला अॅम्प्लिफायर (आवाज मोठा करणारा भाग) व्हॉल्व्हचा, म्हणजे काचेच्या नळ्यांचा असेल तर त्यात तीनशे-चारशे व्होल्ट डीसी फिरतो आणि तो सांभाळणारे कंडेन्सर (वीज साठवणारे भाग) कधीच वाळून गेलेले असतात. बाहेरून ठणठणीत दिसतात. वीज दिली की शॉर्ट होतात आणि जाताना पॉवर ट्रान्सफॉर्मर घेऊन जातात. शंभर-दोनशे रुपयांच्या कंडेन्सरपायी असा ट्रान्सफॉर्मर गेला की तो इथे रिवाइंड करून घ्यायचा म्हणजे महिनोन् महिने हेलपाटे.

माझी सवय अशी: इलेक्ट्रोलिटिक आणि मेणकागदाचे कंडेन्सर न तपासता सरसकट बदलायचे. तपासत बसण्यात अर्थ नाही. मग सिरीज बोर्डावर, म्हणजे यंत्राची वीज बल्बातून जाईल अशा बोर्डावर, दोनशे वॅटचा बल्ब लावून पहिली वीज. बल्ब क्षणभर उजळून मंदावला तर ठीक, भगभगत राहिला तर लगेच बंद. कंडेन्सरला हात लावण्याआधी तो रेझिस्टरमधून डिस्चार्ज करायचा, हे सांगावं लागत असेल तर कृपया अॅम्प्लिफायर उघडू नका, जाणकाराकडे द्या.

'ट्रान्सफॉर्मर बसवलाय की!'

ही माझी लाडकी चूक, म्हणून जरा सविस्तर.

अमेरिकन ज्यूकबॉक्स ११७ व्होल्टचा. आपल्याकडे २३०. म्हणून लोक स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लावतात आणि विषय संपला असं समजतात. पण अमेरिकेतली वीज ६० हर्ट्झची (सेकंदाला ६० आवर्तनांची) आहे आणि आपली ५०. ट्रान्सफॉर्मर व्होल्ट कमी करतो, हर्ट्झला हातही लावत नाही. आणि तबकडी फिरवणारी मोटर चालते ती हर्ट्झवर. मिनिटाला ४५ फेऱ्यांची तबकडी साडेसदतीसने फिरते, ७८ची ६५ने. काळी चारमधलं गाणं उतरून पांढरी चारच्याही जरा खाली जातं. ज्यांना सूर कळत नाही त्यांनाही काहीतरी बिनसलंय हे कळतं, फक्त काय ते कळत नाही.

कोल्हापूरकडचे एक हॉटेलमालक. साठच्या दशकातला रॉक-ओला कंपनीचा ज्यूकबॉक्स त्यांनी हौसेने बाहेरून मागवला. मला फोन आला तो थेट आयडलर चाकासाठी. "दादा, ते रबरी चाक मिळंल का कुठं?" मी विचारलं, चाकाला काय झालं? मग एकेक बाहेर यायला लागलं. गाणं रडतंय म्हणून आधी सगळे व्हॉल्व्ह बदलले. फरक नाही. मग स्पीकरचा कोन नवा केला. फरक नाही. मग कार्ट्रिज (सुई बसवलेला भाग) बदललं, तेही परदेशातून मागवून. गाणं रडतच होतं. शेवटी कुणा जाणत्याने सल्ला दिला की चाक घासून बारीक केलं की तबकडी जोरात फिरेल. म्हणून मालकांनी पॉलिश पेपर घेऊन चांगलं, गोल, मऊ रबराचं चाक घासलं. आता ते अंडाकृती झालं होतं आणि गाणं रडत तर होतंच, वर डुलतही होतं.

आयडलर चाक मोटरच्या शाफ्ट आणि टर्नटेबलच्या मधे असतं. ते फक्त फिरणं इकडून तिकडे पोचवतं. त्याचा व्यास कितीही असो, वेगाला काडीचा फरक पडत नाही. वेग ठरतो मोटरच्या शाफ्टच्या व्यासावर आणि टर्नटेबलच्या कडेवर. मी त्यांना एवढंच सांगितलं की तबकडीवर कागदाचा कपटा चिकटवा आणि घड्याळ लावून मिनिटभर फेरे मोजा. सदतीस-अडतीस भरले. "पण ट्रान्सफॉर्मर तर बसवलाय की!" असं ते म्हणाले. म्हणतात सगळेच.

उपाय स्वस्त आहे. मोटरच्या शाफ्टचा जिथे चाकाला स्पर्श होतो तो व्यास एक पूर्णांक दोन दशांश पट करायचा, म्हणजे वर पितळेची स्लीव्ह (नळी) चढवायची. कोल्हापुरात लेथवाल्यांची काय कमी! पण त्याला नीट समजवा: बोअर (आतलं भोक) आणि बाहेरचा व्यास एकाच पकडीत झाला पाहिजे. जॉब काढून, उलटा धरून दुसरी बाजू मारली की स्लीव्ह केसभर तिरकी येते आणि ते केसभर कानाला लगेच सापडतं. त्या मालकांची पहिली स्लीव्ह अशीच वाया गेली. दुसरी बसली, गाणं ताळ्यावर आलं. चाक मात्र बाहेरूनच मागवावं लागलं, कारण तोवर ते वाचवण्यासारखं उरलं नव्हतं.

काही यंत्रांत शाफ्ट आणि चाकाऐवजी गिअरने फिरणं पोचतं. तिथे स्लीव्हचा उपयोग नाही. ५० हर्ट्झचा गिअर शोधा, नाहीतर फक्त मोटरपुरता ६० हर्ट्झ देणारा शुद्ध साइन वेव्हचा इन्व्हर्टर लावा.

जाता जाता: ६० हर्ट्झसाठी केलेला आतला पॉवर ट्रान्सफॉर्मर ५० वर जास्त तापतो. त्यामुळे अगदी ११७चा हट्ट धरू नका, १०५-११० वर ठेवा. आणि बाजारातले स्वस्त स्टेप-डाउन डबे ऑटो-ट्रान्सफॉर्मर (एकाच वाइंडिंगचे) असतात, ते यंत्राला मुख्य लाइनपासून वेगळं करत नाहीत. लोखंडी सांगाडा, जुनी वायर, अर्थिंगचा पत्ता नाही, आणि भोवती नाणी टाकायला आलेली नातवंडं. दोन वेगळ्या वाइंडिंगचा ट्रान्सफॉर्मर घ्या, सांगाड्याला अर्थिंग द्या. इथे पैसे वाचवणाऱ्याशी मी वाद घालत नाही, काम घेत नाही.

पाच मिलिमीटरचा स्क्रू 'बसतोय तर'

अमेरिकन यंत्रातले आटे इंचातले. दहा-बत्तीसचा (दहा नंबर जाडी, इंचाला बत्तीस आटे) स्क्रू ४.८३ मिलिमीटर जाड आणि त्याच्या आट्यांमधलं अंतर ०.७९. आपला एम-५ पाच मिलिमीटर आणि ०.८. म्हणजे हाताने दोन फेरे सहज जातो, मग थोडा जोर, मग कटकट, आणि भोकाचे आटे साफ. नेमका हाच स्क्रू सर्वात जास्त वापरलेला असतो. मुंबईत नागदेवी स्ट्रीटवर आटे पाडायचे इंची टॅप आणि स्क्रू मिळतात, थोडं हिंडावं लागतं. सहा-बत्तीसचे तर कॉम्प्युटर कॅबिनेटचे जाडे स्क्रूच असतात, पुण्यात तपकीर गल्लीत मूठभर घेऊन ठेवा. काढलेला प्रत्येक स्क्रू लेबल लावलेल्या पुडीत. आईस्क्रीमच्या एकाच डब्यात सगळे टाकणाऱ्यांना नंतर जे भोगावं लागतं, ते त्यांना भोगू द्यावं.

स्प्रे मारणं

गंज सोडवायचा स्प्रे म्हणजे तेल नव्हे. जुनं ग्रीस वाळून लाखेसारखं झालेलं असतं. स्प्रेने ते पातळ होतं, आत खोल जातं आणि पुन्हा घट्ट होतं, शिवाय रबरावर आणि क्लचवर उडतं ते वेगळंच. सगळं सुटं करायचं, टर्पेंटाइन आणि दात घासायच्या ब्रशने धुवायचं, मग बेअरिंगला शिलाई मशीनच्या तेलाचा एकेक थेंब. कॉन्टॅक्ट पॉइंट पॉलिश पेपरने घासू नका. जाड कागदाची पट्टी अल्कोहोलमध्ये भिजवून मधून ओढली की पुरते. कंटाळवाणं काम आहे. ज्याला कंटाळा येतो त्याने ब्लूटूथ स्पीकर घ्यावा. आणि तो ज्यूकबॉक्सच्या पोटात बसवू नये, हेही सांगायची वेळ आली आहे, कारण तसे पोट रिकामे केलेले सांगाडे मी पाहतोय.

नाणं घेणारा भाग फेकून देणं

'आता चार आणे कुठे चालतात' म्हणून हा भाग सर्वात आधी जातो. खरं आहे, पंचवीस पैसे ३० जून २०११ पासून चलनातून गेले. पण नाण्याच्या खटक्यावर क्रेडिट (गाणं निवडायची मुभा) चढतं आणि क्रेडिट चढल्याशिवाय निवड होत नाही. तो भाग काढला की लोक आत वायरी जोडत सुटतात आणि चांगली निवड यंत्रणा जाळून बसतात.

दुसरा प्रकार त्याहून गमतीचा. भाग जागेवर आहे, साफ केलाय, रुपया टाकला तर अडकतो. मग त्यातलं लोहचुंबक 'कुणीतरी चुकून बसवलेलं' समजून उपटून काढतात! ते चुंबक म्हणजे त्या यंत्राचा पहारेकरी आहे. लोखंडाची खोटी चकती त्याला चिकटते आणि परत पाठवली जाते. तांबं-निकेलचं खरं नाणं चिकटत नाही, पण चुंबकासमोरून घरंगळताना त्याचा वेग किंचित कमी होतो, आणि त्या वेगावरून ते पुढच्या अडसरावर योग्य बाजूला पडतं. आपला आजचा रुपया स्टेनलेस स्टीलचा आहे, तोही चुंबकाला चिकटणाऱ्या जातीचा. यंत्राच्या लेखी तो खोटाच! त्यात यंत्राचा दोष नाही. जुने तांबं-निकेलचे पंचवीस पैसे चिकटत नाहीत, पण ते १९ मिलिमीटरचे. अमेरिकन डाइम (दहा सेंटचं नाणं) १७.९चा, निकेल (पाच सेंटचं नाणं) २१.२चा, म्हणजे दोन्ही वाटांत ते नीट बसत नाहीत. मी पितळेची टोकन करून घेतो किंवा शक्य तिथे परदेशी नाणीच मूठभर ठेवतो. ते नको असेल तर क्रेडिटच्या स्विचला समांतर एक साधं पुशबटन, कॅबिनेटच्या मागच्या बाजूला. दोन वायरी, बाकी सगळं जसंच्या तसं.

सुई, तबकडी आणि भोक

७८च्या तबकडीची खाच रुंद असते, तिला सुमारे ७६ मायक्रॉनची सुई लागते, मोनो ४५ला २५ची. चुकीची सुई खाचेच्या तळाशी घासत राहते आणि तबकडी राखाडी करून टाकते. बऱ्याच यंत्रांत शुअरची कार्ट्रिज होती. कंपनीने २०१८ मध्ये ती बनवणं थांबवलं, त्यामुळे आता 'ओरिजिनल' म्हणून विकल्या जाणाऱ्या सुया भिंगाखाली बघितल्याशिवाय घेऊ नका.

भारतात छापलेल्या पुष्कळ ४५ना मधलं भोक लहान, सातेक मिलिमीटरचं असतं. ज्यूकबॉक्सला लागतं ३८चं. ते होल-सॉने पाडू नका. एका गृहस्थांनी लाकडाच्या ड्रिलने नाट्यगीतांच्या ईपींना भोकं पाडली. एकही मध्यावर नाही, प्रत्येक गाणं सुरात वर-खाली, आणि त्या तबकड्या पुन्हा मिळणार नाहीत. लहान भोकात पिन बसवून मध्य धरणारा कटर असतो किंवा लेथवाल्याकडून करून घेता येतो. आणि आधी रद्दी तबकडीवर करून बघा.

क्रोमचे तुकडे प्लेटिंगवाल्याकडे तसेच देणं

बरेचसे चकचकीत भाग जस्ताच्या ओतकामाचे असतात. लोखंड समजून आम्लाच्या टाकीत बुडवले की निम्मे विरघळून येतात. आधी सांगा, लिहून सांगा.

बुडबुड्यांच्या नळ्या

वुर्लिट्झर कंपनीच्या ज्यूकबॉक्सवरच्या त्या रंगीत नळ्यांत मिथिलिन क्लोराइड असतं, विषारी. ते चाळीस अंशांच्या आसपासच उकळतं, खालचा छोटा हीटर तेवढ्याचसाठी. नागपुरात मे महिन्यात हीटर नसला तरी चालेल. फुटकी नळी घरात उघडू नका, बस.

मॉडेलच्या नावावर पार्ट मागवणं

१९४६चा वुर्लिट्झर १०१५ चोवीस तबकड्या घेतो, त्याही ७८च्या. १९८०च्या दशकात हुबेहूब त्याच चेहऱ्याचं यंत्र जर्मनीत निघालं, पण आतलं सगळं वेगळं, ४५चं. बाहेरून पाहून पार्ट मागवलेले लोक मला भेटलेत. सीबर्ग या दुसऱ्या कंपनीचंही तेच: १९४८चा एम१००ए ७८ वाजवतो, १९५०चा एम१००बी ४५, आणि नावात फरक एका अक्षराचा. आधी त्या यंत्राचं सर्व्हिस मॅन्युअल मिळवा, छापील किंवा स्कॅन, आणि पार्ट नंबरवरच बोला. नाव अमेरिकन असलं तरी वस्तू दर वेळी अमेरिकेतूनच आणावी लागते असंही नाही. 'बारा एएक्स सात' व्हॉल्व्हच्या जागी ईसीसी ८३ बसते, आणि ती बंगलोरच्या बीईएलनेही (भारत इलेक्ट्रॉनिक्स) बनवली होती. जुन्या रेडिओवाल्यांकडे अजून खोक्यात पडलेली असते. मुंबईत लॅमिंग्टन रोडला विचारा, पुण्यात बुधवार-रविवारच्या जुन्या बाजारात नजर टाका.

आणि विचारताना तुटलेला तुकडा पट्टीशेजारी ठेवून फोटो काढा, त्यावर कोरलेला नंबर वाचता येईल असा, सोबत यंत्राच्या मागच्या पत्र्याचा एक. दिवे लावून समोरून काढलेला फोटो पाठवू नका.