बाळंतिणीचं ताट आणि बाळाचं अ जीवनसत्त्व

अकोले तालुक्यातल्या उपकेंद्रात मी 26 वर्षं नर्स होते. गरोदर बाईचं वजन, रक्तदाब झाला की माझा ठरलेला प्रश्न असे, "दिवेलागणीला चुलीपाशी चाचपडायला होतं का गं?" रातांधळेपणा आहे का असं विचारलं तर बाई नाहीच म्हणते. चाचपडण्याचं मात्र लगेच सांगते. अ जीवनसत्त्व कमी पडल्याची ती खूण. "हो" म्हणाली तर त्याच आठवड्यात डॉक्टरांना दाखवा. दुकानातून मनाने कॅप्सूल आणू नका. गरोदरपणात, त्यातही पहिल्या तीन महिन्यांत, अ जीवनसत्त्वाचा भारी डोस बाळात व्यंग निर्माण करू शकतो. कलेजीही त्या दिवसांत टाळलेली बरी. भाजीतल्या कॅरोटीनचा, म्हणजे ज्या पिवळ्या-नारिंगी रंगद्रव्यापासून शरीर अ जीवनसत्त्व बनवतं त्याचा, तसा धोका नाही.

जन्मलेल्या बाळाच्या यकृतात अ जीवनसत्त्वाचा साठा अगदी थोडा असतो, दिवस भरायच्या आत आलेल्या बाळात तर आणखी कमी. तो वाढतो आईच्या दुधावर. पहिला चीक पिवळा दिसतो तो कॅरोटीनमुळेच. एका घरी आजीने तो "जड दूध" म्हणून वाटीत पिळून टाकला होता आणि बाळाला मध चाटवायची तयारी चालली होती. मधाची वाटी मीच न्हाणीत ओतली. आजी दोन महिने माझ्याशी बोलली नाही. तासाभरात बाळ छातीशी घ्या आणि पुढे सहा महिने दुसरं काही नको, पाणीसुद्धा. एक बाजू पूर्ण रिकामी होऊ द्या, मग दुसरी. शेवटी येणाऱ्या दाट दुधात स्निग्धांश जास्त, आणि अ जीवनसत्त्व त्याच्याबरोबरच येतं.

आता ताट. खरी अडचण इथेच आहे. डिंकाचे, अळिवाचे लाडू सगळे हौसेने करतात, पण पालेभाजीने बाळाचं पोट बिघडतं, भोपळा वातूळ, पपई उष्ण, असं म्हणत नेमकं हवं तेच बंद! परसातला शेवग्याचा कोवळा पाला दोन मुठी घ्या, लसणाची फोडणी द्या, झाकण ठेवून थोडाच वेळ शिजवा. तेल हवंच, नुसत्या उकडलेल्या पाल्यातलं कॅरोटीन फारसं अंगी लागत नाही. चालत असेल तर त्यातच अंडं फोडा. लाल भोपळा, माठ, पिकली पपई, दूध, तूप आलटून पालटून द्या.

नवजात बाळाला किंवा बाळंतिणीला अ जीवनसत्त्वाचा भारी डोस सरसकट देऊ नये, असं जागतिक आरोग्य संघटनेने 2011 मध्येच सांगितलं आहे. बाळाचा पहिला डोस नवव्या महिन्यात, गोवर-रुबेला लशीबरोबर, 1 मिली, म्हणजे 1 लाख युनिट. दुसरा सोळाव्या ते अठराव्या महिन्यात 2 मिली, मग पाच वर्षांचं होईपर्यंत दर सहा महिन्यांनी तेवढाच. बाटलीसोबतच्या चमच्यावर खूण असते, घरचा चमचा नको. आणि मूल रडत असेल तर थांबा. निम्मा डोस झबल्यावर जातो, तेलकट डाग धुऊन निघत नाही.