गुलाल उधळण्याआधी फोकस तपासा

चैत्र पौर्णिमेला जोतिबाच्या डोंगरावर सासनकाठ्या नाचायला लागल्या की कॅमेऱ्याच्या मेनूत डोकं घालायला सवड मिळत नाही. म्हणून कॅमेऱ्याचा आपोआप होणारा फोकस नेमका लागतो का, हे तपासायचं काम आठवडाभर आधी घरीच उरकायचं.

सगळ्यात आधी मागच्या वर्षीचे फसलेले फोटो पूर्ण मोठे करून बघा. सगळंच एका दिशेला ओघळलेलं दिसलं तर हात हललाय, लेन्सला बोल लावू नका. डोळे धूसर आणि कान स्वच्छ, असं दर फोटोत होत असेल तर फोकस खरोखर मागे पडतोय.

फिल्टर काढा, लेन्सच्या मागचे सोनेरी पॉइंट कोरड्या मऊ कापडानं पुसा. मग 'पुढारी'चं पान भिंतीला सपाट चिकटवा, शेजारी फूटपट्टी तिरकी ठेवा. कॅमेऱ्यापासूनचं अंतर फोकल लेंग्थच्या (लेन्सवर लिहिलेला मिमीचा आकडा) साधारण 50 पट, म्हणजे 50 मिमीला अडीच मीटर. 200 मिमीला 10 मीटर लागतात, तेव्हा गच्ची गाठायची. ट्रायपॉड, स्टॅबिलायझर (हाताची थरथर सावरणारी सोय) बंद, अ‍ॅपर्चर (लेन्समधलं उजेड आत घेणारं भोक) पूर्ण उघडं, फक्त मधला फोकस पॉइंट, 2 सेकंदांचा टायमर. दर फोटोआधी रिंग फिरवून फोकस मुद्दाम बिघडवा, एकदा जवळून, एकदा लांबून, आणि मग कॅमेऱ्यालाच फोकस करू द्या. असे दहा फोटो काढा. शेवटी लाइव्ह व्ह्यू (मागच्या स्क्रीनवरचं थेट चित्र) मोठा करून हातानं फोकस केलेला एक काढा आणि त्याच्याशी बाकीचे ताडून बघा.

दहाही सारखेच मागे असतील तर कॅनन-निकॉनच्या वरच्या दर्जाच्या डीएसएलआरमध्ये (आत आरसा असलेले कॅमेरे) मेनूत उणे 20 ते अधिक 20 अशी फोकसची दुरुस्ती असते. मागे पडत असेल तर उणे करा. कधी पुढे, कधी मागे असेल तर आकड्यानं काही होत नाही, सरळ सर्व्हिसला द्या. मिररलेसवाल्यांनी (बिनआरशाचा कॅमेरा) हा परिच्छेद सोडला तरी चालेल, तिथं फोकस सेन्सरवरच मोजला जातो.

आणि हे दिवसाउजेडीच करा. मी एकदा रात्री ट्यूबलाइटखाली अधिक 12 लावून बसलो आणि सकाळच्या लग्नात नवरीऐवजी मागचा मांडव टिपला. लई बोलणी खाल्ली.

यात्रेत कंटिन्युअस फोकस (हलणाऱ्या माणसामागे सतत जाणारा) आणि छोटा फोकस पॉइंट ठेवा. मोठा एरिया ठेवलात तर फोकस हवेतल्या गुलालालाच जाऊन चिकटतो. तिथं लेन्स बदलू नका. काचेवर गुलाल बसलाच तर आधी ब्लोअर मारा, कापड नंतर.